बसायची रजा

मावशीच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी मावशीच्या नवऱ्यानं अंथरूण धरलं. मावशी लाँड्रीत तासाच्या मजुरीवर इस्त्री करायची. घरच्या आजारपणाची रजा मिळत होती, तरी नवऱ्याचा डोळा लागला की ती धावत कामावर यायची. एकदा हजेरीच्या कारकुनानं तिचा तासांचा कागद पुढं ओढला. "मावशी, रजा सकाळचीच का लिहिलीत?" "ते जागे होते तेवढीच लिहिली. झोपलेल्या माणसापाशी नुसतं बसायचं, त्याची कसली रजा?" "अहो, बसण्याचीच रजा असते ती! दिवसभराची लिहा आणि घरी पळा." मावशीनं ओशाळून लिहिली. दुपारी नवऱ्यानं डोळे उघडले, तर ती उशाशी बसलेली. "कामावरून हाकललं की काय?" "नाही हो. आज बसायची रजा आहे." "मग बस की," म्हणत त्यानं तिचा हात धरला. मावशीचा नवरा त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी वारला.