तिखटांचं कपाट

"जमैकाच्या बरणीत काल पंचवीस मिरच्या होत्या. आज तेवीस आहेत," इंदूबाईंनी बरणी उजेडाला धरली. "सूनबाई, तू काढल्यास?"

"नाही सासूबाई," विमल म्हणाली.

खरंच तिने काढल्या नव्हत्या. त्या पिवळ्या, फुगीर मिरच्यांच्या नुसत्या वासाने तिच्या नाकाला धार लागायची.

युद्ध संपलं होतं आणि माथेरानच्या बंगल्यांतले साहेबलोक एकेक करून विलायतेला निघाले होते. विमलचे सासरे हेमचंद्रराव अशा चार बंगल्यांची देखरेख करत. साहेब जाताना खुर्च्या-पलंग विकत, पण स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या बाटल्या यांच्या पदरात टाकत. झालं! दर शनिवारी छोट्या गाडीने एक करंडी खाली उतरायची आणि कर्जतच्या घरी यायची. अमेरिकेचं तांबडं आंबट तिखट, हंगेरीची भुकटी, तेलात बुडालेल्या मोझांबिकच्या चिमुकल्या मिरच्या, ब्रह्मदेशची सोडे घातलेली चटणी. लोकांनी काशी-रामेश्वर करावं, तर हेमचंद्ररावांनी कपाटात अख्खी पृथ्वी भरली. आणि स्वतः त्यांना मूळव्याध! त्यामुळे पाहुण्यांना कपाट दाखवायचं आणि प्रत्येक बाटलीवर निळ्या पेन्सिलीने रेघ मारायची, एवढंच त्यांचं सुख.

आता त्या रेघांखाली बोटबोट रितं दिसू लागलं होतं.

किल्ली इंदूबाईंच्या कमरेला असे. पूर्वी महिन्यातले चार दिवस त्या बाहेर बसल्या की ती विमलकडे यायची, कारण अशा वेळी लोणच्या-तिखटांना हात लावायचा नाही. पण इंदूबाईंनी चाळिशी ओलांडली होती आणि दसऱ्यापासून ती कटकट संपली होती. "सुटले बाई एकदाची," असं त्या शेजारणीला ऐकवत. तेव्हापासून किल्ली त्यांच्या कमरेची हलली नव्हती. दुपारी त्या पडल्या की तेवढी उशाशी असायची.

विमलला भीती होती ती मिरच्यांची नव्हेच. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या डबीखाली, लोधिवलीच्या एका मुलीची पत्रिका येऊन पडली होती. "होळीपर्यंत बघू, मग शशीचं दुसरं करून टाकू," असं सासूबाईंनी भर पंगतीत जाहीर केलं होतं. शशिकांत आईपुढे नुसती गोगलगाय. त्याने ताटातली कोशिंबीर तेवढी संपवली. विमल त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती.

"या घरात तिखट खातं तरी कोण?" इंदूबाई आता बोटांवर मोजू लागल्या. "ह्यांना मूळव्याध. शशीला मिरपूड सोसत नाही. सोनाबाई भांडी घासते ती परसातूनच जाते. मी रोज बोट लावून, तुकडा मोडून आंबलंय का बघते, म्हणून तर चोरी कळली. मग राहिलं कोण?"

राहिली विमल. इंदूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

"किती दिवस वर गेलेत गं तुला?"

"दहा."

"अगं, मग लाजतेस काय वेडे! डोहाळे आहेत हे!"

विमलने नाही म्हणायला तोंड उघडलं. समोर देव्हारा दिसला. तिने तोंड मिटलं. खोटं ती एक अक्षर बोलली नाही, फक्त खरं बोलली नाही.

मग आठ दिवस राणीसारखे गेले. पत्रिका देव्हाऱ्यातून ट्रंकेत गेली. दुधात केशर आलं. पण प्रत्येक जेवणाला पानात जमैकाही आली.

"खा. डोहाळे अडवू नयेत."

विमल एक तुकडा चघळायची आणि डोळ्यांना पदर लावायची.

"आनंदाश्रू येतात हो पोरीला," इंदूबाई शेजारणीला सांगत. मग पानात उरलेली मिरची उचलत आणि "टाकवत नाही बाई साहेबाची वस्तू," म्हणत तोंडात टाकत.

नवव्या दिवशी पहाटे विमलला कावळा शिवला. होती नव्हती ती आशा गेली. बाहेर बसावं तर लोधिवलीची मुलगी घरात येणार. देवाची शंभर वेळा क्षमा मागून ती तशीच चुलीपाशी गेली.

आणि नेमकी त्याच दुपारी सासूबाईंनी मोतीबाई सुईणीला बोलावलं. शशिकांतला जगात आणणारी हीच. तिच्या हाताला आजवर कुणी फसवलं नव्हतं.

मोतीबाईने आतल्या खोलीत विमलला आडवं केलं, पोट चाचपलं. विमलने डोळे गच्च मिटले. "मोतीबाई, सांगू नका हो," ती पुटपुटली.

मोतीबाईचा हात थांबला. तिने विमलच्या पोटावर पदर सारखा केला.

"काय गं? कितवा महिना?" दारातून इंदूबाईंनी विचारलं. एका हाताने त्यांनी चौकट धरली होती, दुसऱ्या हातात ब्रह्मदेशच्या चटणीची बशी होती.

मोतीबाई वळली. तिने इंदूबाईंचा चेहरा पाहिला, बशी पाहिली.

"वैनीबाय, उभं ऱ्हावत नाय का?"

"उन्हाने भोवळ येते हल्ली. माझं काय घेऊन बसलीस? सूनबाईचं सांग."

"सांगते. आदी तुमी पडा हितं."

"मी? मला काय धाड भरलीय?"

"पडा म्हनते ना!"

इंदूबाई कुरकुरत आडव्या झाल्या. विमल भिंतीला टेकून, मनातल्या मनात माहेरची ट्रंक भरत उभी राहिली. मोतीबाईने एकदा चाचपलं, पुन्हा एकदा चाचपलं. मग सावकाश उठून तिने हात धुतले आणि विमलकडे बघितलं.

"सूनबाय, आता सासूचे डोहाळे तुलाच पुरवाय लागतील गं. पाचवा हाय."