साडेदहाचा फोन

अकराला वीस मिनिटं उरली, तरी एकाही फोनमध्ये जीव आला नव्हता.

टेबलांवर आठ कोरे करकरीत फोन मांडले होते. भिंतीवरच्या लोखंडी कपाटात सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात तो डबा, म्हणजे स्विच. त्याचे हिरवे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. नवे फोन जोडायला आलेल्या वायरमास्तरला ते बघवेना. एकेक दिवा आपापल्या लयीत लुकलुकला तर ठीक. सगळेच असे एका दमात धावत सुटले की समजावं, आत काहीतरी गरगर फिरतंय आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही.

"मास्तर, आमचं जुनं डबडं बरं होतं हो," ऑफिसातले चष्मेवाले काका म्हणाले. "दिवे नव्हते, पण बोलायचं तरी."

"काका, जरा दम धरा."

"मी धरतो हो. तिकडं ज्यांच्या हातात फोन आहे, त्यांनी किती धरायचा?"

हे ऑफिस एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज साडेदहाला फोन करायचं. उठलात का, औषध घेतलंत का, खाल्लंत का, घरच्या कोणाचा फोन आला का. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशावर शंभर-सव्वाशे घरं सकाळपासून कान लावून बसायची. गेल्या महिन्यात वीस मिनिटं उशीर झाला, तर एक आजोबा खाली विचारायला म्हणून जिना उतरले आणि पायरी चुकले. अजून अंथरुणात आहेत.

वायरमास्तरची आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. गुडघे कामातून गेलेले. तिचं नाव त्यानंच या यादीत घातलं होतं, घरबसल्या, संगणकावरून. इथं कोणाला ते ठाऊक नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

"मोबाइलवरून लावते मी," ताई म्हणाल्या. ऑफिस त्यांच्या हाताखाली चालायचं. लगेच स्वतःच मान हलवली. "पण उचलणार कोण? अनोळखी नंबर घ्यायचाच नाही, हे आम्हीच त्यांच्याकडून घोकून घेतलंय. जुनी लाइन परत जोडता येईल का?"

"नंबर नव्यावर गेलाय, ताई. जुनी आता मुकीच."

त्याच्या खिशात मोबाइल होता. त्याचा नंबर आईला अनोळखी नव्हता. हात दोनदा खिशापर्यंत गेला आणि परत आला. बावीस दिवसांत तिला एक फोन केला नाही, आणि आज करून काय सांगायचं? ऑफिसचा फोन उशिरा येईल, तू जिना उतरू नकोस? तिनं विचारलं, तुला रे कसं कळलं, तर?

त्यानं दात आवळले आणि स्विचमधल्या वायरी एकेक करून उपसायला घेतल्या. पहिली. दिवे धावतायत. दुसरी. धावतायत. तिसरी, चौथी. पाचवी ओढली आणि सगळे दिवे भानावर आल्यासारखे एकदम थंडावले.

पाचवी वायर कोपऱ्यातल्या टेबलाची. तो गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरला. प्रत्येक फोनच्या पाठीला दोन खाचा असतात, एक भिंतीकडच्या वायरीसाठी, दुसरी संगणकासाठी. घाईघाईत त्यानं या फोनच्या दोन्ही वायरी भिंतीतच खोचल्या होत्या. इकडून गेलेलं तिकडून परत, तिकडचं इकडं. वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाची ही चूक. नवशिक्याला त्यानं यासाठी फैलावर घेतलं असतं.

एक वायर काढली. उपसलेल्या पुन्हा बसवल्या. एकेक फोन उजळला.

"आला!" काका ओरडले. "आला बघा जीव!"

"जिनेवाले आधी," म्हणत ताईंनी यादीवर बोट ठेवलं. आवाज नीट येतो का ते सगळ्यांना कळावं म्हणून स्पीकर लावला आणि नंबर दाबला. वायरमास्तर टेबलाखालूनच मोजत होता. चार घंटा. पाच. सहा. सात.

"हॅलो?" धाप लागलेली.

तो आवाज ऐकून त्यानं कपाळ टेबलाच्या पायाला टेकवलं.

"आजी, उशीर झाला हो. नवे फोन बसवले आज."

"अगं बाई, चपला घालून दारात उभी होते मी. म्हटलं, खाली जाऊन विचारावं."

"आता कुठं जाऊ नका. औषध घेतलंत?"

"घेतलं."

"खाल्लंत?"

"हो, मघाशीच."

"घरच्या कोणाचा फोन आला?"

"आला ना! काल रात्रीच लेकाचा आला. चांगला अर्धा तास. मीच म्हटलं, पुरे आता, ठेव, सकाळी लवकर काम असतं तुला."

ताईंनी घरच्या फोनच्या रकान्यात खूण केली आणि टेबलाखालून बाहेर येणाऱ्या वायरमास्तरला कौतुकानं कागद दाखवला. "नशीबवान बाई. बघा, महिनाभर एक दिवस रिकामा नाही. असा लेक सगळ्यांना मिळो." मग फोनकडं वळल्या. "ठेवते हं, आजी."

"थांबा," वायरमास्तर म्हणाला. त्याच्या हाताला धूळ लागलेली होती. ती त्यानं विजारीला पुसली आणि फोनजवळ वाकला.

"आई."

लाइन पुन्हा गेली की काय म्हणून काका स्विचकडं बघायला लागले. ताईंचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं.

मग आवाज आला, थोडा घाईचा, थोडा मोठ्यानं, ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जावा असा.

"अरे, आता परत कशाला? काल तर बोललो की आपण एवढं!"