नकाशातली मेथी

"साहेब, या नकाशात मेथी कुठे आहे?"

भर सभेत हे विचारायची माझी छाती नाही, अशी माझ्या वर्गातल्या शलाकाने पैज लावली होती. विचारलं. शहराच्या नव्या आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकायला आलेले साहेब चष्मा वर करून बघत राहिले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पण माझं तोंड सुटलं ते सुटलंच.

"आमच्या शाळेमागे तुम्ही लिहिलंय, मोकळी जागा, पार्किंगसाठी राखीव. तिथे रखमामावशींचा मळा आहे. अख्खी गल्ली तिथली भाजी खाते." मी दप्तरातून मेथीची जुडी काढली आणि नकाशावर बरोबर त्याच चौकोनात ठेवली. मुळांची माती साहेबांच्या रिंग रोडवर सांडली.

साहेबांनी जुडी उचलून चक्क हुंगली. "ताजी आहे गं. पण गाड्यांना जागा मागणारे पुष्कळ आहेत. मळ्याचा शहराला उपयोग काय, ते सांग."

"आमचा ओला कचरा तिथे जाईल, त्याचं खत होईल आणि भाजी होऊन घरी परत येईल."

"आणि कचरा नेणार कोण?"

"मी."

सभागृहात टाळ्या पडल्या. साहेबांनी लाल पेन्सिलीने पार्किंगवर काट मारली. "मळा ठेवावा, अशी शिफारस करतो."

मी उडतच घरी आले. "आई, बाबा, उद्यापासून आपला ओला कचरा घंटागाडीत जाणार नाही, माझ्या सायकलवरून जाणार. आणि वरच्या सगळ्या मजल्यांचासुद्धा. मी शब्द देऊन आलेय."