पडद्याच्या पलीकडची जागा

त्याचं सर्जरीतलं वर्षभराचं हंगामी पद संपलं, पण कायमची जागा काही मिळाली नाही. तिथल्या सर्जन सरांच्या हाताखाली तो टाके घालायला शिकला, तसा ओरडायलाही शिकला. गेल्याच महिन्यात ऐन ऑपरेशनमध्ये पेशंट जरासा हलला, तेव्हा बाहेरून बोलावलेल्या भूलतज्ज्ञ बाईंवर तो सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यामधल्या पडद्यावरून खेकसला होता, "भूल देताय की अंगाई गाताय?" टोपी आणि मास्कच्या मधून बाईंचे नुसते डोळे तेवढे दिसले होते.

सर्जरीच्या जागांसाठी सगळीकडून नकारघंटा वाजली. आता दुसऱ्या हॉस्पिटलात भूलशास्त्राची एकच जागा उरली होती. तो तिथे मुलाखतीला जाऊन बसला.

"सर्जरी सोडून इकडे का?" समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं.

"मॅडम, मला पहिल्यापासून भूलशास्त्राचीच ओढ," त्याने ठोकून दिलं. "आणि भूलतज्ज्ञांबद्दल तर मनात फार आदर आहे."

 

बाईंनी त्याची फाईल उचलून नाकातोंडावर आडवी धरली आणि वरून नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत विचारलं, "मग, अंगाई येते का?"