दोन हजार सहाची वही

वही नाही हे गिरधर सरांना मंगळवारी सकाळी कळलं. कॉलेजचा शिपाई दगा वह्या न्यायला आला होता. शनिवारी सरांचा निरोप समारंभ होता आणि एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या हॉलमध्ये टेबलावर मांडायच्या होत्या. सरांच्या पत्नी सुगंधाबाई यांच्या पत्र्याच्या पेटीत तीसच निघाल्या. दोन हजार सहाची नव्हती.

सुगंधाबाईंना जाऊन चार महिने झाले होते. त्यानंतर सरांनी पेटीला हात लावला नव्हता. लोणखेड्याच्या कॉलेजच्या मैदानावर सरांच्या संघाचा बास्केटबॉलचा सामना असला, की बाई निंबाखाली बसायच्या आणि वहीत खेळाडूच्या नंबराखाली टिंबं द्यायच्या. एका गुणाला एक टिंब. खरं गुणपत्रक पंचांच्या टेबलावर असायचं. ही वही घरची.

"उंदरानी खादी व्हई," सर म्हणाले.

"उंदीर वहीवरनं साल दखीसन नही खात, सर," दगा म्हणाला.

सरांनी चपला घातल्या. त्यांच्या मनात एकच नाव होतं. धीरज. दोन हजार सहाच्या संघातला नऊ नंबर, आणि सोमवारपासून सरांच्या जागेवर येणारा नवा प्रशिक्षक. बाई दवाखान्यात होत्या तेव्हा तो एकाआड एक दिवस यायचा. सर खोलीत आले की दोघांचं बोलणं थांबायचं. तेव्हा सरांना त्यात काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षीचा अंतिम सामना सरांनी एका गुणानं जिंकला होता. अठ्ठावन्न-सत्तावन्न. बारा वर्षं हंगामी असलेले सर त्या विजयावर कायम झाले. शनिवारच्या पत्रिकेतही तोच विजय छापला होता. नव्या माणसाला जुन्या माणसाचं नाव नको असतं, असं सर चालता चालता स्वतःशी म्हणाले.

धीरज मैदानावर मुलींचा सराव घेत होता.

"वही कोठे शे?" सरांनी विचारलं.

कोणती वही, असं धीरजनं विचारलं नाही. तेच सरांना टोचलं. तो बॉल ठेवायच्या कपाटाकडे गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही घेऊन आला. वरून पांढरी सुती दोरी बांधलेली होती.

"काकूनी दिधी. म्हने, सर इचारतीन तवय दे. नही इचारं तर राहू दे."

"आनि तू वाची लिधी."

"गाठ दखा ना, सर."

सरांनी गाठ पाहिली. तीन वेढे आणि टोक आत खोवलेलं. गाठ बाईंचीच होती. दोन हजार सहाच्या अंतिम सामन्याआधी त्यांनी याच दोरीची जाळी विणली होती, अशाच गाठी मारून. तोवर मैदानावरच्या दोन्ही रिंगा वर्षभर उघड्याच असायच्या. बॉल आत गेला की नाही, हे लोक नुसती रिंग बघून ठरवायचे. त्या दिवशी पहिल्यांदा रिंगेला जाळी होती.

"मंग तुले काय माहीत शे?"

धीरजनं मुलींना पाणी प्यायला पाठवलं. त्या निघून जाईपर्यंत तो थांबला.

"मन्हा शेवटला बॉल रिंगमां गया नही, सर. बाहेरथीन जाळीले घासाना. जाळी हालनी, लोके उठनात, पंचनी दोन बोटं दखाडात. जाळीनी सवय कोनले व्हती आपलाकडे?"

"तू तवय बोलना नही."

"मी एकोणीस वरीसना व्हतू. तुम्हीन माले खांदावर लिधं व्हतं." धीरजनं रिंगेकडे बोट केलं. "तुम्हीन तर रिंगना बाजूलेच उभा व्हतात. तुमले दखायनं नही का?"

सर रिंगेकडे बघत राहिले. आता तिथे नायलॉनची जाळी होती. त्या दिवशी सगळं मैदान उभं राहिलं होतं. निंबाखाली बाई तेवढ्या बसून होत्या. हात वहीवर, आणि पेन कागदापासून वर उचललेलं. आनंदानं रडत असतील, असं सर धरून चालले होते. घरी गेल्यावर त्यांनी विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. एकोणीस वर्षांत सरांनी ती वही एकदाही मागितली नव्हती.

हरलेल्या संघाचे प्रशिक्षक उदेसिंग सर होते, धडगावकडचे. एसटीत बसण्याआधी त्यांनी रिंगेखाली जाऊन हात उंच केला, जाळीला बोट लावलं आणि म्हणाले होते, "वहिनी, जाळी चांगली विणलीत." ही गोष्ट सर दरवर्षी नव्या मुलांना सांगायचे, बाईंच्या हाताचं कौतुक म्हणून.

"उदेसिंग सर येतस ना शनवारले?" धीरजनं विचारलं.

"येतस. मीच पत्रिका धाडीसन बलायेल शे."

वही घेऊन सर घरी आले. दगा ओट्यावर बसला होता.

"सापडनी का? लया, दोरी सोडी टाकतू. टेबलवर उघाडी ठेवनी शे."

"ती तशीच ठेव."

शुक्रवारी संध्याकाळी हॉलमधलं टेबल लागलं. तीस वह्या उघड्या, एक बांधलेली. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पहिल्याच खुर्चीवर उदेसिंग सरांचं नाव होतं. त्यांचा फोन नंबर गिरधर सरांनी मंगळवारीच एका कागदावर लिहून घेतला होता. कागद खिशात होता. त्या शेवटच्या बॉलचं सांगायला फोन करायचा, तेवढा राहिला होता.