डावीकडे घासणारं चाक

बाबांच्या रेसिंग सायकलला नवी चाकं बसतात का, हे पाहताना लेकीचं डोकं पार चक्रावलं. मागचं चाक सांगाड्यात अलगद बसलं. पुढचं मात्र हँडलखालच्या चिमट्याच्या खाचेत नीट बसूनही फिरताना डाव्या ब्रेकच्या रबराला घासत होतं. “दुकानदारानं वाकडं चाक गळ्यात मारलंय. देऊ परत,” खुर्चीतून बाबा घाईनं म्हणाले. तिनं चाक काढलं, बाजू बदलून पुन्हा बसवलं. चाकच वाकडं असेल, तर आता उजवीकडे घासायला हवं. घासलं डावीकडेच. ब्रेक तर बरोबर मधोमध होता. म्हणजे चाक सरळ होतं, चिमटा वाकला होता. पण पोलादी चिमटा काय उगाच वाकतो? जुनी चाकं तर म्हणे वयोमानानं गेली होती! तिनं गोंधळून बाबांकडे पाहिलं. एवढ्या उकाड्यात त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. “मी पडलो नव्हतो गं,” तिनं काही विचारायच्या आतच बाबा म्हणाले.