ढकला, मास्तर!

पैज कसली, पोरखेळच! मास्तरांच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची हेल्थ वर्षात नव्वदच्या खाली आली, तर मास्तरांनी सगळ्यांदेखत बिल्डिंगभोवती गाडी ढकलायची.

आज आकडा एकोणनव्वद. पैज लावणारा शेजारचा न्हावी ऐटीत स्टिअरिंगवर बसला. "ढकला मास्तर, लाजताय काय!"

पहिल्याच वळणावर तो स्क्रीनवरचा हेल्थचा आकडा बघून ओरडला, "अरे वा, एक्याण्णव!"

मास्तर चरकले. चार्ज भरता येतो. घसरलेली हेल्थ कधी परत चढत नाही.

"पंच्याण्णव!"

मास्तरांची पँट कमरेवरून घसरू लागली. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत गेलं.

"अहो, पुरे, सोडा आता!" गॅलरीतून बायको हसत म्हणाली.

सोडायलाच तर बघत होते ते. पण तळवे डिकीवरून निघेनात, आणि पाय थांबेनात.

"नव्व्याण्णव! अजून थोडंच!" न्हावी खिदळला, आणि सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.